एका कुंपणात अनेक कासवे

जमिनीवर राहणारी कासवे फारसा आवाज करत नाहीत, टाकलेला पाला खातात आणि दिवसाचा बराच वेळ एका जागी बसून काढतात. त्यामुळे चार-दहा कासवे एका कुंपणात सोडली की काम भागले, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात कासव हा बाह्यतापी प्राणी आहे, म्हणजे त्याच्या शरीराचे तापमान भोवतालच्या उष्णतेवर अवलंबून असते आणि त्याच्या शरीरातील सर्व क्रिया सस्तन प्राण्यांच्या मानाने मंद चालतात. साहजिकच भूक, आजार आणि भीती यांची लक्षणेही त्याच्यात फार उशिरा उमटतात. अनेक आठवडे ताणाखाली असलेले कासव आणि सुखाने विसावलेले कासव वरवर पाहणाऱ्याला सारखेच दिसते, आणि कासवे एकत्र ठेवण्यातील सर्वांत मोठी अडचण हीच आहे.

कायद्याची चौकट

भारतात या विषयाची सुरुवात कायद्यापासून करावी लागते. काळपट कवचावर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेले तारा कासव हे येथील सर्वांत परिचित जमिनीवरचे कासव होय. त्याचा नैसर्गिक अधिवास गुजरात, राजस्थान व लगतचा पाकिस्तान, दक्षिणेत कर्नाटक, आंध्र प्रदेश व तमिळनाडू, आणि श्रीलंका असा विखुरलेला आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ मधील दुरुस्तीनंतर हे कासव पहिल्या अनुसूचीत आले असून ते घरी बाळगणे हा तुरुंगवासास पात्र गुन्हा आहे. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटिस’ करारानेही २०१९ मध्ये त्याला सर्वोच्च संरक्षण दिले. तरीही चोरटा व्यापार थांबलेला नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार दक्षिण भारतातील एकाच व्यापारकेंद्रातून वर्षाकाठी किमान ५५,००० तारा कासवे जंगलातून उचलली जात होती. त्यात ‘वीस नखी कासव’ घरात असले की गुप्तधन मिळते, या महाराष्ट्रातील अंधश्रद्धेने पाण्यातल्या कासवांचीही भर घातली आहे. परदेशी जातींपैकी ज्या साइटिसच्या यादीत आहेत, त्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे.

त्यामुळे मोकळ्या आवारात अनेक कासवे सांभाळण्याच्या ज्ञानाचा खरा उपयोग आपल्याकडे होतो तो तस्करांच्या पोत्यांतून आणि घराघरांतून सुटका झालेल्या कासवांसाठी. पुण्यात बावधन येथे वनविभागाच्या सहकार्याने ‘रेस्क्यू’ संस्था चालवत असलेल्या उपचार केंद्रासारख्या ठिकाणी हे ज्ञान रोजच्या कामाचा भाग असते.

माती, ऊन आणि सावली

धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यासारख्या ठिकाणी असे आवार उभारायचे झाल्यास काय करावे लागेल, याचा विचार केला तर या शास्त्राचे तपशील स्पष्ट होतात. बालाघाटाच्या या पठारी भागात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तर पावसाळ्यात काळी माती पाणी धरून ठेवते आणि दिवसेंदिवस चिखल राहतो. तारा कासव मूळचे कोरड्या खुरट्या रानातले असल्यामुळे सततच्या ओलीत त्याच्या पोटाकडचे कवच कुजू लागते आणि फुप्फुसाचे विकार बळावतात. म्हणून काळ्या मातीवर मुरुमाचा उंचवटा करून पाणी बाहेर निघेल असा उतार देणे ही पहिली गरज ठरते. दुसरी गरज सावलीची. आवारात कडक ऊन, विरळ सावली आणि गवताच्या जाड थराखालचा गारवा हे तिन्ही एकाच वेळी उपलब्ध असावे लागतात, कारण या टप्प्यांमधून ये-जा करूनच कासव आपले तापमान सांभाळते. थेट उन्हाची गरज आणखी एका कारणासाठी आहे. त्यातील अतिनील-बी किरणांमुळे त्वचेत ड-३ जीवनसत्त्व तयार होते आणि त्यावाचून अन्नातील कॅल्शियम हाडांना व कवचाला मिळत नाही.

बंदिवासात वाढलेल्या कासवांच्या पाठीवर अनेकदा टोकदार उंचवटे आलेले दिसतात. प्रथिनांचा अतिरेक हे त्याचे कारण मानले जात असे; परंतु आफ्रिकेतील काटेरी मांड्यांच्या कासवांच्या पिल्लांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, वाढीच्या वयात हवा फार कोरडी असणे हे कारण प्रथिनांहून कितीतरी प्रभावी असल्याचे आढळले. जमीन चिखलाची नको, पण लपण्याच्या जागेत दमटपणा हवा, असा हा तोल आहे.

सहवासाचे गणित

कासवे कळपाने राहत नाहीत. रानात दोन नर समोरासमोर आले तरी हरणाऱ्याला निघून जाण्यास जागा असते. कुंपणात ती नसते. नर एकमेकांना कवचाने धडका देतात आणि कवचाची कड प्रतिस्पर्ध्याखाली घालून त्याला उलथवण्याचा प्रयत्न करतात. उलटे झालेले कासव मान ताणून डोके जमिनीवर रोवते, पाय हवेत झाडते आणि कवचाच्या घुमटावर डोलत कुशीवर येऊ पाहते. हंगेरीचे गाबोर दोमोकोश आणि पेतेर वार्कोनी यांनी ‘गॉम्बॉक’ नावाचा, कसाही ठेवला तरी आपोआप एकाच स्थितीत येणारा त्रिमितीय आकार २००६ मध्ये प्रत्यक्षात आणला, तेव्हा त्याच्याशी सर्वांत जवळचे साम्य त्यांना तारा कासवासारख्या उंच घुमटाच्या कवचांत सापडले. मात्र दगड आणि भिंत यांच्या बेचक्यात अडकलेल्या कासवाला या भूमितीचा उपयोग होत नाही, आणि मे महिन्याच्या उन्हात ते थोड्याच वेळात मरू शकते.

यावरूनच कुंपणाची रचना ठरते. नरांची संख्या माद्यांहून कमी ठेवली जाते, अन्न एका ढिगात न घालता अनेक ठिकाणी पसरले जाते, आणि झुडपे व मातीचे बांध यांनी आवाराचे असे भाग पाडले जातात की एका कासवाला दुसरे सतत नजरेसमोर दिसू नये. बाहेरची भिंतही आरपार दिसणारी नसावी, कारण जाळीपलीकडचे दिसले की कासव तिला धडका देत तासन् तास कडेकडेने फिरते. दबलेले कासव दाखवणारी खूण म्हणजे वजन. म्हणून प्रत्येकाचे ठरावीक काळाने वजन करून नोंद ठेवणे हेच निरीक्षणाचे विश्वसनीय साधन ठरते.

सहवासाला दुसरी बाजूही आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, कुंपणाला वळसा घालून खाद्यापर्यंत पोहोचणे लाल पायांच्या कासवांना स्वतःहून जमले नाही, पण दुसऱ्या कासवाला तसे करताना पाहिल्यावर ते जमले. महाकाय कासवांवरील २०१९ मधील अभ्यासात, गटात शिकवलेली कासवे लवकर शिकली आणि त्यांतील काहींना शिकलेले नऊ वर्षांनीही आठवत होते. ज्या प्राण्याला इतके कळते आणि इतके आठवते, त्याच्या गैरसोयीकडे दुर्लक्ष करण्यास काहीही सबब उरत नाही.

एकत्र आणण्यापूर्वी आणि नंतर

वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली कासवे थेट एकत्र सोडणे हा सर्वांत घातक प्रकार होय. अमेरिकेतील मोहावी वाळवंटातील कासवांमध्ये मायकोप्लाझ्मा जिवाणूंमुळे श्वसनमार्गाचा चिवट आजार पसरला, आणि रानात सोडून दिलेल्या पाळीव कासवांचा त्याच्या प्रसाराशी संबंध असावा, असे मानले जाते. म्हणून नव्या कासवाला काही महिने विलग ठेवणे, आणि निरनिराळ्या जातींची सरमिसळ टाळणे आवश्यक असते. वंशाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. सुटका करून परत आणलेल्या तारा कासवांचे मूळ डीएनएवरून शोधण्याचा अभ्यास भारतीय शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. वायव्येकडील कासवे दक्षिणेत सोडली गेली तर हजारो वर्षांत घडलेले वेगळेपण पुसले जाण्याचा धोका असतो.

कुंपणाचे सर्वांत मोठे मोल शेवटच्या टप्प्यात दिसते. अमेरिकेतील गोफर कासवांवरील २००५ च्या अभ्यासात, नव्या जागी थेट सोडलेली कासवे दूरवर भरकटली, तर तेथेच नऊ ते बारा महिने कुंपणात ठेवून मग मुक्त केलेली कासवे बहुतांशी त्याच परिसरात स्थिरावली. नोव्हेंबर २०१८ मध्ये सिंगापूरहून कर्नाटकात परत आणलेल्या ५१ तारा कासवांसाठीही अशाच टप्प्याटप्प्याच्या मुक्ततेचा मार्ग निवडण्यात आला.

लोहाऱ्यात किंवा आसपास कोणाकडे तारा कासव आढळले, तर दयाबुद्धीने ते विहिरीत किंवा माकणीच्या निम्न तेरणा धरणात सोडणे म्हणजे त्याला बुडवणे होय, कारण जमिनीवरच्या या कासवाच्या खांबासारख्या पायांना पोहता येत नाही. त्याला सावलीत, हवेशीर खोक्यात ठेवून वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवणे हाच योग्य उपाय आहे. तेथून सुरू होणारा विलगीकरण, उपचार आणि योग्य कुंपण यांचा प्रवास दीर्घ असतो, पण त्या कासवाला त्याच्या रानापर्यंत नेऊ शकणारा मार्ग तोच आहे.