अनुपस्थित यजमानांच्या घरी

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या वायव्य कोपऱ्यात, १९९६ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालेल्या काहुरांगीच्या डोंगराळ मुलखात, कॉब धरणाकडे जाणारी सडक सोडून बीच वृक्षांच्या अरण्यातून सुमारे दोन तास चालत गेले, म्हणजे झाडीतल्या एका मोकळ्या जागी एक लहानसे जुने लाकडी घर दृष्टीस पडते. त्याला ‘अ‍ॅस्बेस्टॉस कॉटेज’ म्हणतात. आसपासच्या डोंगरांत अ‍ॅस्बेस्टॉस या खनिजाचा शोध घेणाऱ्यांच्या निवाऱ्यासाठी ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधले गेले; परंतु आज पाठीवर शिधा आणि अंथरूण बांधून तेथे मुक्कामाला जाणारा पदयात्री मनाने हेन्री आणि अ‍ॅनी चॅफी यांच्या घरी चाललेला असतो.

दोघांचीही पूर्वी लग्ने झालेली होती आणि दोघेही त्या दुःखी संसारांतून बाहेर पडलेले होते. लोकापवादाच्या भयाने माणसाला गावात ताठ मानेने राहणे अशक्य व्हावे अशा त्या काळी, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, त्यांनी या अरण्याचा आश्रय घेतला आणि १९५१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे, येथेच संसार केला. हेन्री खनिजे धुंडाळी आणि रसद पाठीवर वाहून डोंगर चढून आणी. अ‍ॅनी उघड्या चुलाण्यावर रांधी, बाग राखी. पर्जन्याचे आणि हवेचे मापन करून ते आकडे हवामान खात्याला पाठवण्याचा त्यांचा नेम वर्षानुवर्षे चालला. जनापवादापासून पळालेल्या या जोडप्याने जनांच्या दप्तराशी राखलेले हे इमान मला त्यांच्या सगळ्या कहाणीत सर्वांत हृदयस्पर्शी वाटते. १९५१ साली हेन्रीला त्या डोंगरवाटेवरच मृत्यू आला. अ‍ॅनीला तिमारू गावी नेण्यात आले, पण अरण्यात मुरलेल्या त्या जिवाला गाव मानवले नाही, आणि १९५३ साली तीही गेली.

त्यांचे हे घर आता निसर्गसंरक्षण खात्याच्या ताब्यात आहे. खात्याने ऐतिहासिक वास्तू म्हणून त्याची डागडुजी केली, मात्र काचेच्या पेटीत ठेवावे तसे ते बंद न करता चार माणसांना रात्र काढता येईल असे खुले ठेवले, हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. कारण ज्या घरात चूल पेटते तेच घर राहते.

या खात्याकडे देशभर साडेनऊशेहून अधिक निवारे आहेत. त्यांपैकी काही खाणकामगारांचे, काही मेंढपाळांचे. पण पुष्कळसे हरणांमुळे उभे राहिले. युरोपातून आणून सोडलेल्या लाल हरणांना येथे नैसर्गिक शत्रू नव्हता. त्यांनी रानाचा पाला फस्त केला, तेव्हा सरकारने पगारी शिकारी नेमले आणि त्यांच्यासाठी विसाव्या शतकाच्या मध्यास दऱ्याखोऱ्यांत शेकडो खोपटी बांधली. वनखात्याकडून १९८७ साली ती नव्या निसर्गसंरक्षण खात्याकडे आली आणि पदयात्र्यांची झाली.

आपल्याकडच्या धर्मशाळेत निदान एखादा राखणदार असतो. अशा साध्या निवाऱ्यांत तोही नसतो. तिकीट आगाऊ विकत घेऊन बरोबर न्यायचे, जागा प्रथम येईल त्याची, आणि उशिरा, ओलेचिंब होऊन आलेल्याला सरकून वाव द्यायचा. शेगडी, भांडी, दिवा आपले आपण आणावयाचे. नोंदवहीत नाव आणि पुढचा मार्ग, तेथे राहणार नसलो तरीही, लिहावयाचा. कारण कोणी हरवला तर शोधपथक प्रथम ती वही उघडते. बूट रात्री आत घ्यावेत, कारण वेका नावाचा उडता न येणारा पक्षी बाहेर ठेवलेली वस्तू उचलून नेण्यात तरबेज आहे.

मग अंधार पडतो, चुलाण्यातल्या उजेडात जुन्या फळ्या तांबूस दिसू लागतात, आणि बाहेर पाऊस सुरू झाला, तर त्याचे माप कोणी लिहून ठेवीत असेल काय, असा विचार सहज मनात येतो. सकाळी निघताना राख पूर्ण थंड झाली आहे ना हे पाहावे, आपला कचरा आपल्या पिशवीत घ्यावा, रात्री जाळले तेवढे वाळके सरपण आणून कोपऱ्यात रचावे, आणि दार नीट ओढून घ्यावे.