धबधबा आपल्याच नदीचा!

तुमच्या ऑफिसातही असा एक जण असेलच. फॉरेनला जाऊन आला की महिनाभर सगळ्यांना फोटो दाखवत फिरणारा! आमच्याकडच्या महाशयांनी क्रोएशियातलं प्लिटविस नॅशनल पार्क दाखवलं. एकाखाली एक सोळा तळी आणि एकातून दुसऱ्यात उड्या मारणारं पाणी. बघून जीव जळला. मग खिसा चाचपला आणि मुकाट्याने भंडारदऱ्याचं बुकिंग केलं. तळं आहे, धबधबे आहेत, वर व्हिसा लागत नाही!

या वेळी अण्णांनाही सोबत घेतलं. अण्णा म्हणजे माझे वडील. मुक्काम पोस्ट शहागड, तालुका अंबड, जिल्हा जालना. गोदाकाठचा माणूस. धबधबा बघायला चला म्हटल्यावर पहिला प्रश्न, "पाणी बघाया एवढं पेट्रोल जाळायचं?"

कागदोपत्री हे नॅशनल पार्क नाही, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. त्यामुळे आत गावं आहेत, भातखाचरं आहेत, आणि शेंडीला गरमागरम भजीही आहेत. प्रवरा रतनगडावर उगम पावते. तिच्यावर 1926 साली विल्सन धरण पूर्ण झालं आणि अकरा टीएमसीचा हा देखणा जलाशय तयार झाला. ऑगस्टमध्ये आम्ही पोचलो तेव्हा ढग थेट पाण्यावर उतरले होते. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ चुकवू नका. सांदण दरी मात्र पावसाळ्यात नकोच, तिथे कोणीही कितीही आग्रह केला तरी.

आणि रंधा! धरण ओसंडत असताना इथे जायचं. आवाज आधी येतो, तुषार नंतर, आणि धबधबा सगळ्यात शेवटी दिसतो. मी मोबाइल काढला. अण्णा कठड्याला धरून गप्प उभे होते.

"माय, ही प्रवरा म्हंजी टोक्याला गोदावरीत मिळती तीच ना?"

तीच. अकोले, संगमनेर, नेवासा करत प्रवरासंगमला गोदावरीत, तिथून नाथसागरात, आणि पैठणच्या धरणातून सोडलं तर आमच्या शहागडच्या पुलाखाली. इतकी वर्षं नकाशात बघूनही हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

2012च्या दुष्काळात आमचं पात्र नुसती वाळू होतं. अण्णांनी टँकरच्या पाण्यावर मोसंबी जगवायचा प्रयत्न केला आणि उन्हाळ्यात शेवटी कुऱ्हाड लावली. मी तेव्हा पुण्यात होस्टेलवर. फोनवर ते एवढंच म्हणाले होते, "सरपण झालं."

वरच्या धरणांतून खाली पाणी किती सोडायचं, यावर नगर-नाशिक आणि मराठवाडा तेव्हाही भांडत होते. 2005च्या कायद्यात समन्यायी वाटप आलं. 2014 मध्ये प्राधिकरणाने जायकवाडीसाठी 65 टक्क्यांचं सूत्र घातलं. 15 ऑक्टोबरला साठा त्याखाली असेल तर वरून पाणी सोडायचं. 2023 मध्येही साडेआठ टीएमसीहून जास्त पाणी सोडायचा आदेश निघाला आणि पुन्हा वादंग झालं. मराठवाड्याची म्हणून माझी बाजू ठरलेलीच!

पण शेंडीच्या चहावाल्या मावशींना अण्णा 'आम्ही खालचे' म्हणाले, तशा त्या हसल्या. "पाऊस आम्ही अंगावर घ्यायचा, जमिनी आमच्या बुडाल्या, आणि उन्हाळ्यात हंडा आमच्याच डोक्यावर." अण्णांनी यावर वाद घातला नाही. दुसरा चहा मागवला आणि मोसंबीचं सगळं सांगितलं. त्या दोघांचं अर्धा तास जमलं. मी आपली भजी खात बसले.

परतताना प्रवरासंगमला गाडी थांबवायला लावली. दोन्ही नद्या गढूळ, फुगलेल्या. कुठली कुठली ते ओळखूच येईना. अण्णा उतरले, पाण्यात हात बुडवला आणि ओल्या हातानेच दार उघडून आत बसले.

पाच दिवसांनी मी मीटिंगमध्ये असताना फोन.

"माय, आपला धबधबा पैठणला पोचला का बघ की तुझ्या मोबाइलवर."