बुलडोझरने जमीन सपाट करताना : जुन्या यंत्रांनी शिकवलेले धडे

रब्बीचे पीक निघून रान मोकळे झाले की गावोगावी जमीन सपाटीकरणाची कामे सुरू होतात. यंत्र तासाच्या भाड्याने मिळते आणि दोन दिवसांत उंचसखल शेत सरळ दिसू लागते. परंतु पुढच्या हंगामात त्याच शेतातील अर्धे पीक पिवळे पडले, अशी तक्रार घेऊन येणारे शेतकरीही थोडे नाहीत. असे का होते, हे मी साखळीच्या जुन्या, मोठ्या बुलडोझरवर काम करताना शिकलो. तो अनुभव आपल्या उपयोगी पडावा म्हणून येथे देत आहे.

जुनी यंत्रे

साखळीचा ट्रॅक्टर मुळात शेतीसाठीच तयार झाला. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या मऊ जमिनीत जड यंत्रांची चाके रुतत असत. म्हणून बेंजामिन होल्ट यांनी १९०४ साली चाकांच्या जागी साखळी लावून पाहिली. पुढे १९२५ साली होल्ट आणि बेस्ट यांचे कारखाने एकत्र येऊन कॅटरपिलर कंपनी झाली. आपल्या देशात कांस गवताने व्यापलेल्या जमिनी खोल नांगरून लागवडीखाली आणण्यासाठी १९४९ साली जागतिक बँकेचे कर्ज घेऊन असे ट्रॅक्टर आणले गेले. १९६४ साली भारत अर्थ मूव्हर्स ही कंपनी बंगलोर येथे स्थापन झाली आणि पुढे देशी बनावटीचे बुलडोझरही मिळू लागले.

जुन्या यंत्रांना सुरू करणे हेच एक काम असे. मोठ्या डिझेल इंजिनाशेजारी एक छोटे पेट्रोल इंजिन असे. ते आधी चालू करायचे, त्याच्या उष्णतेने मोठे इंजिन कोमट होऊ द्यायचे आणि मग क्लच जोडायचा. घाई केलेली त्याला चालत नसे. वळण्यासाठी दोन दांडे असत. उतारावर एका बाजूचा दांडा ओढला तर यंत्र कधी कधी उलट बाजूला वळे, कारण मोकळी झालेली साखळी उतारामुळे जास्त वेगाने धावे. नवख्या चालकाला हे आधी शिकवावे लागे.

अनेक जुन्या यंत्रांचे पाते तारेच्या दोराने उचलले जाई आणि खाली मात्र स्वतःच्या वजनाने पडे. ते दाबून जमिनीत घुसवता येत नसे, कडक मुरमावर ते घसरे. हायड्रॉलिक पाते आल्यावर ही अडचण संपली. पाते जोराने दाबता येऊ लागले, तसा मुरूमही सहज उकरला जाऊ लागला आणि धोका वाढला.

माझी चूक

एका उन्हाळ्यात एका हलक्या, उताराच्या शेतात मी वरची माती सरळ खाली ढकलत गेलो. संध्याकाळी शेत ओट्यासारखे दिसत होते. मालक खूश, मीही खूश. पावसाळ्यानंतर तेथे गेलो तेव्हा वरच्या निम्म्या भागात ज्वारी गुडघ्याएवढीही नव्हती. खालच्या भागात मात्र ती डोक्याच्या वर गेली होती. सगळी कसदार माती खाली गाडली गेली होती आणि वर पांढरा मुरूम उघडा पडला होता. ते शेत पुन्हा कसाला आणायला मालकाला पुढे किती तरी वर्षे शेणखत ओढावे लागले.

हिशोब समजून घ्या

एक एकरातील एक इंच थर म्हणजे सुमारे ३६ ब्रास माती. सहा इंचांचा थर काढला तर ती २१८ ब्रासच्या आसपास जाते. जमिनीतील सेंद्रिय पदार्थ आणि उपयुक्त जिवाणू मुख्यतः याच वरच्या थरात असतात. खालच्या चुनखडीयुक्त थरात लोह व जस्त पिकाला सहजी मिळत नाही. म्हणून पाने पिवळी पडतात, म्हणजेच केवडा दिसतो.

काय करावे

१. काम ठरविण्यापूर्वी शेतात निरनिराळ्या पाच-सहा ठिकाणी दोन फूट खोल खड्डे घ्या. मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहा. माती उथळ असेल तर संपूर्ण शेत एका पातळीत आणण्याचा हट्ट सोडा आणि उताराला आडवे टप्पे पाडा.

२. वरचा सहा ते नऊ इंचांचा थर आधी काढून एका बाजूला ढीग करा. मग खालची माती सरळ करा आणि शेवटी हा ढीग सर्व शेतावर सारखा पसरा. यंत्राचे तास वाढतात, पण हा खर्च वाचवू नका.

३. माती ओली असताना यंत्र रानात घालू नका. मोठ्या बुलडोझरचे वजन पंधरा-वीस टन असते. साखळीमुळे ते पसरले जात असले तरी ओल्या काळ्या मातीत वारंवार फेऱ्या मारल्यास खाली घट्ट थर बनतो आणि पाणी मुरत नाही.

४. माती शक्यतो उताराच्या दिशेने आणि कमी अंतरावर ढकला. शंभर मीटरच्या पुढे बुलडोझरने माती नेणे परवडत नाही, तेथे ट्रॉली किंवा टिपर बरा.

५. भरावाची माती पहिल्या पावसात बसते. त्यामुळे त्याच वर्षी फळबाग लावू नका. खालच्या बांधाला सांडवा ठेवा, नाहीतर पहिल्याच जोराच्या पावसात बांध फुटेल.

६. पहिल्या वर्षी ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडा. उघड्या पडलेल्या भागात शेणखत जास्त द्या, मातीपरीक्षण करून घ्या आणि कमतरता आढळल्यास झिंक सल्फेट व फेरस सल्फेट शिफारशीप्रमाणे वापरा.

यंत्र भाड्याने आणले की तासाचे मीटर सुरू होते आणि मालकाला घाई होते. त्या घाईत चालक म्हणेल तसे होऊ देऊ नका. शेतात स्वतः उभे राहा आणि पात्यापुढे येणाऱ्या मातीचा रंग पाहत राहा. रंग बदलला की हात वर करून यंत्र थांबवा. एक इंच माती तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षे लागतात, ती ढकलायला यंत्राला काही मिनिटे पुरतात.