एकेक सूचना चालवताना डिबगर चुकीची साखळी का दाखवतो?

प्रयोगशाळेत विद्यार्थी डिबगरमध्ये यंत्रभाषेतील एकेक सूचना चालवतो, ‘बॅकट्रेस’ मागतो आणि यादीतून मधलेच एक फंक्शन गायब झालेले दिसते. आपलाच प्रोग्राम चुकला असे समजून तो बरोबर असलेला कोड बदलू लागतो. म्हणून ही यादी कशी तयार होते, हे वर्गात आधीच सांगितलेले बरे.

यादी कोठेही लिहून ठेवलेली नसते. डिबगर ती दर वेळी स्टॅकवरून अनुमानाने बांधतो. ६४ बिटच्या इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरवर ‘कॉल’ ही सूचना परतीचा पत्ता स्टॅकवर ठेवते. मग नवे फंक्शन जुना आरबीपी स्टॅकवर ठेवते आणि त्यानंतरच आरबीपीत स्वतःच्या चौकटीचा पत्ता घालते. समजा, ‘मेन’ने ‘हिशेब’ला व ‘हिशेब’ने ‘बेरीज’ला बोलावले आणि आपण ‘बेरीज’च्या पहिल्याच सूचनेवर थांबलो. आरबीपी अजून ‘हिशेब’चाच आहे. केवळ त्यावर विसंबणारा डिबगर तेथून ८ बाइट पुढचा परतीचा पत्ता वाचतो आणि तो ‘मेन’मधला निघतो. ‘हिशेब’ गळतो. उर्दूत ज्याला शजरा म्हणतात त्या वंशावळीत बापाचे पान मुलाचे समजून वाचले, तर बापाच्या जागी आजोबा यावेत, तसेच हे. फंक्शनच्या शेवटी, आरबीपी परत दिल्यावर पण ‘रेट’पूर्वी, हाच घोटाळा होतो.

फंक्शनच्या नावावर थांबा लावला तर जीडीबी या आरंभीच्या सूचना ओलांडून थांबतो, म्हणून एरवी दोष दिसत नाही. उबुंटू २४.०४ पासून (२०२४) तेथील पॅकेजे आरबीपी राखून बनवली जातात. पण या दोन-तीन सूचनांपुरता त्याचा उपयोग नाही.

खरा उपाय म्हणजे कंपायलरने दिलेला ड्वार्फ तक्ता. चौकटीचा आधार कोठून मोजायचा, हे तो सूचनेगणिक सांगतो: प्रवेशाला आरएसपी अधिक ८, आरबीपी ठेवल्यावर आरएसपी अधिक १६, नंतर आरबीपी अधिक १६. जीसीसी ४.५ (२०१०) पूर्वी फंक्शनच्या शेवटच्या सूचनांचे वर्णन त्यात नीट येत नसे.

हाताने लिहिलेल्या असेंब्लीत हा तक्ता आपोआप येत नाही. तेथे जीडीबी ओळखीच्या सूचना शोधून अंदाज बांधतो. विद्यार्थ्याने आरबीपीऐवजी आरबीएक्स स्टॅकवर ठेवला की अंदाज फसतो आणि यादीत प्रश्नचिन्हे येतात. अशा फाइलीत सीएफआय निर्देश लिहायला लावावेत. शंका आल्यास फंक्शनच्या पहिल्या सूचनेवर थांबून आरएसपीने दाखवलेल्या जागेतील ८ बाइट वाचावेत. बोलावणाऱ्याचा पत्ता तेथेच असतो.