रीत, कुलूप आणि कायदा

आज ज्या दोन गोष्टींविषयी बोलायचे आहे, त्यांचा एकमेकींशी काय संबंध, असे आपल्याला प्रथम वाटेल. एक गोष्ट पारावरची आणि चावडीवरची आहे : चारचौघांत विडी-सिगारेट ओढण्याची रीत. दुसरी आपल्या मुलांच्या हातातली आहे : संगणकावर खेळायचे व्हिडिओ गेम, आणि त्यांची कोणी फुकट नक्कल करू नये म्हणून ते बनवणारे त्यांना घालतात ते कुलूप. एकीत धूर आहे, दुसरीत तबकडी. पण दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. माझी मौज दुसऱ्याला महागात पडत असेल, तर तिला आवर कोणी घालायचा आणि कसा?

यावर माणसांनी तीन उपाय शोधले आहेत. पहिला रीतीचा; म्हणजे ज्याने त्याने समजून वागावे. दुसरा कुलपाचा, म्हणजे चुकीचे वागताच येणार नाही अशी तजवीज करून ठेवावी. तिसरा कायद्याचा, म्हणजे चुकेल त्याला दंड करावा. यांतला कोणता चांगला, यावर लोकांची मते फार तीव्र असतात. कोणी म्हणतो, "सगळं समजुतीनं व्हावं." कोणी म्हणतो, "कुलूप घातल्याशिवाय लोक ऐकत नाहीत." या वादात एक साधी कसोटी लावून पाहू. उपाय कोणताही असो, त्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडते? ज्याच्या हातून त्रास होतो त्याच्या, की ज्याचा काहीच दोष नाही त्याच्या?

प्रथम धुराची गोष्ट घेऊ. वडीलधारे माणूस समोरून येताना दिसले की हातातली विडी मुठीत लपवायची, नाहीतर पायाखाली चिरडायची, ही आपल्याकडची जुनी रीत. शेजारी बसलेल्यापुढे आधी विडी करायची आणि मग आपली पेटवायची, हीही रीतच. या रीतीत मान होता, आपुलकी होती. पण धुराचा विचार नव्हता. वडिलांसमोर न ओढणारा तोच गृहस्थ घरी तान्ह्या मुलाच्या पाळण्याशेजारी बसून खुशाल ओढत असे. कारण तान्ह्या मुलाचा मान ठेवायचा असतो, असे कोणी त्याला शिकवलेच नव्हते.

आगगाडीच्या डब्यात तर अनोळखी माणसे तासन् तास एकत्र बसतात. तिथे नुसत्या रीतीवर भागणार नाही हे सरकारने फार पूर्वीच ओळखले होते. १८९० सालच्या रेल्वे कायद्यात असे होते की, धूम्रपानासाठी राखून ठेवलेला डबा सोडून अन्य डब्यात, सहप्रवाशांच्या संमतीवाचून जो ओढील त्याला २० रुपयांपर्यंत दंड व्हावा. पुढे १९८९ साली नवा रेल्वे कायदा झाला. त्यात म्हटले की, डब्यातल्या दुसऱ्या उतारूने हरकत घेतली तर ओढू नये. गाडीत किंवा गाडीच्या एखाद्या भागात पूर्ण मनाई करण्याचा अधिकार रेल्वेला दिला, हे खरे. पण मूळ वाक्यातला फरक लक्षात घेण्यासारखा आहे. जुन्या कायद्यात ओढणाऱ्याने आधी विचारायचे होते. नव्या कायद्यात न ओढणाऱ्याने तोंड उघडायचे होते.

वरवर पाहता हा शब्दांचा खेळ वाटेल. पण डब्यात कोपऱ्याला बसलेल्या एखाद्या बाईचा विचार करा. मांडीवर मूल आहे, समोर चार अनोळखी पुरुष विड्या ओढत बसले आहेत. "अहो, जरा बंद करा" असे म्हणण्याचे धैर्य तिने कोठून आणावे? आणि मांडीवरच्या मुलाने हरकत कशी घ्यावी? म्हणजे रीत मोडली एकाने आणि ती सांभाळण्याचे ओझे पडले दुसऱ्याच्या खांद्यावर. ज्या रीतीत दुबळ्याला हरकत घ्यावी लागते, ती रीत दुबळ्याच्या कामाची नसते.

त्यातच शास्त्राने एक नवी गोष्ट सांगितली. ताकेशी हिरायामा या जपानी संशोधकाने स्वतः धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची १४ वर्षांची माहिती अभ्यासली आणि १९८१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्यांचे पती फार सिगारेटी ओढत, त्या स्त्रियांना फुप्फुसाचा कर्करोग होण्याचे प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा अधिक होते. त्यावर पुष्कळ वाद झाले. परंतु पुढच्या अनेक अभ्यासांनी दुसऱ्याच्या धुराचा अपाय पक्का केला. तेव्हापासून हा प्रश्न केवळ नाकाला रुमाल लावण्याचा राहिला नाही. गैरसोय सोसायला सांगता येते. रोग सोसायला कोणाला सांगणार?

आपल्या देशात या बदलाला मुंबईचा हातभार लागला आहे. मुंबईचे पुढारी मुरली देवरा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिच्यावर २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने दवाखाने, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, सरकारी कचेऱ्या, न्यायालये, सभागृहे आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहने यांत धूम्रपान करण्यास मनाई केली. न ओढणाऱ्याने दुसऱ्याच्या धुराचा बळी का व्हावे, हा त्यातला मुद्दा होता. मग २००३ साली संसदेने तंबाखूविषयीचा कायदा केला. त्यात सार्वजनिक जागी धूम्रपान करणाऱ्यास २०० रुपयांपर्यंत दंड ठेवला. त्याची सविस्तर नियमावली २ ऑक्टोबर २००८ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, अमलात आली. आता कोपऱ्यातल्या त्या बाईला एकट्याने भांडावे लागत नाही. भिंतीवरची पाटी तिच्या वतीने बोलते.

म्हणजे रीत संपली का? तोक्यो शहरातल्या चियोदा विभागाने २००२ साली ठरावीक रस्त्यांवर चालता चालता सिगारेट ओढण्यास बंदी केली आणि मोडणाऱ्याकडून २,००० येन वसूल करण्यास सुरुवात केली. त्यांनी या मोहिमेचे ब्रीद असे ठेवले की, शिष्टाचाराकडून नियमाकडे, आणि नियमाकडून पुन्हा शिष्टाचाराकडे. मला हे फार मार्मिक वाटते. नियम हा मुक्काम नव्हे, ती वाट आहे. दंडाच्या भीतीने लागलेली सवय हळूहळू अंगवळणी पडते आणि मग तीच रीत होते.

आता खेळांच्या कुलपाकडे वळू. ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. संगणकाचा खेळ म्हणजे यंत्राला दिलेल्या हजारो-लाखो ओळींच्या सूचना. तो रचायला कित्येक माणसांची वर्षे खर्ची पडतात. पण एकदा तयार झाला की त्याची नक्कल करायला काही मिनिटे पुरतात, आणि मुळात काही उणे होत नाही. गाय चोरली तर मालकाचा गोठा रिकामा होतो. खेळाची नक्कल केली तर मालकाच्या घरी खेळ तसाच राहतो. म्हणूनच नक्कल करणाऱ्याला आपण चोरी केली असे वाटतही नाही.

त्यावर खेळ बनवणाऱ्यांनी कुलपे शोधली. सुरुवातीची कुलपे गमतीची होती. खेळ सुरू करताना पडद्यावर प्रश्न येई : सोबतच्या पुस्तकातल्या अमुक पानावरचा अमुक शब्द कोणता? पुस्तक ज्याच्याजवळ त्यालाच उत्तर देता येई. १९९० साली आलेल्या 'मंकी आयलंड' या खेळाबरोबर पुठ्ठ्याची एक चकती होती. ती फिरवून चाचे लोकांचे चेहरे जुळवायचे आणि खाली दिसणारे साल पडद्यावर भरायचे. त्याआधी १९८५ च्या सुमारास 'लेन्सलॉक' नावाची प्लास्टिकची भिंगपट्टी निघाली होती. पडद्यावरची विस्कटलेली अक्षरे तिच्यातून पाहिली की वाचता येत. परंतु 'एलीट' या खेळाच्या काही डब्यांत चुकून दुसऱ्याच खेळाची भिंगपट्टी गेली. पूर्ण पैसे मोजलेली माणसे आपल्याच खेळाच्या दाराबाहेर उभी राहिली.

ही चूक लहान होती, पण पुढे काय होणार ते तिच्यात दिसत होते. २००८ साली 'स्पोअर' हा मोठा गाजावाजा झालेला खेळ आला. तो विकत घेणाऱ्याला सुरुवातीला तीनच संगणकांवर चढवता येत असे. गिऱ्हाइके इतकी संतापली की एका मोठ्या ऑनलाइन दुकानात हजारो लोकांनी त्याला सगळ्यांत खालचा शेरा दिला. आणि नक्कल थांबली का? त्या वर्षी चोरून उतरवून घेतलेल्या खेळांत त्याचेच नाव वर होते. २०१३ साली 'सिमसिटी' आला. एकट्याने खेळतानाही कंपनीच्या यंत्राशी इंटरनेटने जोडलेले राहावे, अशी त्याची रचना होती. पहिल्याच दिवसांत ती यंत्रे गर्दीने कोलमडली आणि विकत घेणारे रांगेत तिष्ठत बसले. जोडणीवाचून खेळण्याची सोय पुढे २०१४ साली झाली. २०१५ साली विंडोज १० ही प्रणाली आली. 'सेफडिस्क' नावाच्या जुन्या कुलपामुळे संगणकाच्या सुरक्षिततेला धोका होता, म्हणून तिने त्याला थारा दिला नाही. परिणामी त्या कुलपाच्या जुन्या तबकड्या रास्त मार्गाने घेतलेल्या असूनही चालेनाशा झाल्या.

यातली विचित्र गोष्ट पाहा. नक्कल करणारे हुशार लोक कुलूप एकदा फोडतात आणि फोडलेली प्रत जगभर वाटतात. त्या प्रतीला कुलूपच नसते. म्हणजे चोरून खेळणाऱ्याला दार उघडे, आणि पैसे देणाऱ्याला मात्र दर वेळी किल्ली दाखवा. इथेही ओझे चुकीच्या खांद्यावर पडले.

तेव्हा बनवणाऱ्यांची तक्रार खोटी आहे असे समजू नये. ऑस्ट्रेलियातल्या दोन भावांनी २०१३ साली खेळांची कंपनी चालवण्याविषयीचा 'गेम डेव्ह टायकून' नावाचा खेळ काढला आणि त्याची एक खास प्रत स्वतःच फुकट्यांच्या अड्ड्यावर ठेवली. पहिल्या दिवशी एकूण ३,३१८ जण खेळले. त्यांतले पैसे देणारे फक्त २१४. पण त्या फुकट प्रतीत एक मेख होती. खेळातली आपली कंपनी थोडी वर येते न येते तोच लोक तिच्या खेळांची नक्कल करू लागत आणि तिचे दिवाळे निघे. मग फुकट खेळणारेच गाऱ्हाणे करू लागले की, इतके लोक चोरी का करतात, ती थांबवायला काही कुलूप मिळेल का! दुसऱ्याचे दुःख आपल्या अंगावर आले की धडा लवकर समजतो, तो असा.

मग उपाय काय? पोलंडमधल्या एका कंपनीची हकीकत सांगतो. तिथे १९९० नंतरच्या दशकात नकली तबकड्यांचा बाजार उघड चाले. सीडी प्रोजेक्ट ही कंपनी १९९४ साली निघाली. तिने १९९९ साली 'बॉल्डर्स गेट' हा परदेशी खेळ पोलिश भाषेत आणला. नामवंत नटांचे आवाज घेतले, आणि पेटीत जाड पुस्तक, नकाशा, संगीताची तबकडी घातली. नकली प्रतीत हे काहीच मिळत नव्हते. लोकांनी खरी प्रत घेतली. याच मंडळींनी २००८ साली कुलपाशिवाय खेळ विकणारे इंटरनेटवरचे दुकान काढले. २०१५ साली त्यांचा स्वतःचा 'विचर ३' त्या दुकानात कुलपाशिवाय विकला गेला. सर्व यंत्रांवर मिळून त्याच्या ५ कोटींहून अधिक प्रती खपल्याचे कंपनीने २०२३ साली जाहीर केले. त्याची नक्कल झाली नसेल असे नव्हे. पण ज्याने पैसे दिले त्याचा अपमान झाला नाही. प्रामाणिक गिऱ्हाइकाला पाहुण्यासारखे वागवणे हीसुद्धा एक रीतच आहे, आणि ती दुकानदाराने पाळायची आहे.

याचा अर्थ आपण नक्कल खुशाल करावी असा मुळीच नाही. आपल्या स्वामित्वहक्क कायद्याने १९९४ च्या दुरुस्तीपासून जाणूनबुजून बेकायदा प्रत संगणकावर वापरणे हा गुन्हा ठरवला आहे. २०१२ च्या दुरुस्तीने, हक्क बुडवण्याच्या हेतूने असे कुलूप फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड ठेवला. पण रास्त मार्गाने प्रत बाळगणाऱ्याला, ती हरवली वा बिघडली तर असावी म्हणून संगणक-आज्ञावलीची जादा प्रत करून ठेवण्याची मुभाही याच कायद्यात आहे. कायद्याने दोन्ही खांदे पाहिले आहेत.

तेव्हा कसोटी ही अशी. रीतीचे ओझे न ओढणाऱ्या उतारूवर पडले, म्हणून तिथे नियम आणावा लागला. कुलपाचे ओझे पैसे देणाऱ्यावर पडले, म्हणून तिथे कुलूप सैल करावे लागले. घरात, शाळेत, ग्रामपंचायतीत कोणताही नियम करताना हाच प्रश्न विचारावा. एका मुलाने वाचनालयातले पुस्तक फाडले म्हणून कपाटालाच कुलूप लावले, तर शिक्षा कोणाला झाली? फाडणाऱ्याला नव्हे, वाचणाऱ्या बाकीच्या मुलांना झाली.

शिक्षक बंधु-भगिनींना एवढीच विनंती करतो. वर्गात मुलांना विचारा : तुम्ही महिनाभर खपून काढलेले चित्र कोणी आपल्या नावाने, नाहीतर फुकट वाटले, तर कसे वाटेल? आणि शेजारच्याच्या विडीचा धूर तुमच्या धाकट्या बहिणीच्या तोंडावर आला, तर ती कोणाला सांगेल? मुले उत्तरे देतील, आणि ती बहुधा बरोबर असतील. ज्याला धूर लागतो तो आणि ज्याची मेहनत जाते तो, हे दोघे आपल्याला समोर दिसत नाहीत, हीच खरी अडचण असते. ते दिसायला लागले की विडी आपोआप खाली जाते आणि खिशातले पैसे आपोआप बाहेर येतात. त्यानंतर कुलपाची गरज फार थोड्यांसाठी उरते.