जुन्या गाडीचा पुढचा बंपर : दुरुस्ती की बदल?

दिल्ली, गुरुग्राम, नोएडा व फरीदाबाद परिसरात हिवाळ्यातील धुक्यात पुढच्या वाहनावर हलकेच आदळणे ही नित्याची बाब आहे. स्कॉर्पिओ किंवा सफारीसारख्या उंच बांध्याच्या जुन्या गाडीला अशा धक्क्याचा पहिला मार पुढच्या बंपरवर बसतो. मग वाहनधारकापुढे प्रश्न उभा राहतो : दुरुस्त करावा, नवा बसवावा की विम्याचा दावा करावा?

बंपर म्हणजे लोखंडी पट्टी, ही समजूत आता जुनी झाली. बाहेरून दिसतो तो बहुधा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा मुखवटा असतो. धक्का सोसणारा पोलादी भाग त्याच्या मागे असतो. म्हणून मुखवटा उतरवून आत पाहिल्याशिवाय कोणत्याही गॅरेजचा अंदाज ग्राह्य धरू नये. मागचा पोलादी भाग वाकला असेल, रेडिएटरला मार लागला असेल किंवा एअरबॅगच्या सेन्सरजवळ धक्का पोहोचला असेल, तर प्रश्न शोभेचा राहत नाही, घरच्या माणसांच्या सुरक्षिततेचा होतो. तेथे काटकसर नको.

केवळ मुखवट्याला तडा गेला असेल, तर प्लास्टिक वेल्डिंगने तो चांगला सांधता येतो. अडचण एवढीच की या प्लास्टिकवर पुट्टी, फायबरचे रेझिन किंवा साधा रंग नीट चिकटत नाही. त्यासाठी विशेष प्रायमर लागतो. तो न वापरता केलेले स्वस्त काम गॅरेजमधून बाहेर पडताना सुबक दिसते आणि पुढच्या हादऱ्याला खपल्यांनी सुटते. बंपर अडकवण्याचे कान तुटले असतील किंवा तुकडाच गहाळ असेल, तर बदलणे श्रेयस्कर. सुटे भाग काश्मिरी गेटच्या बाजारात मिळतात. जुने, उतरवलेले भाग मायापुरीत. जुना भाग घेताना कान शाबूत आहेत ना, हे आधी पाहावे. रंग नंतर देता येतो.

आता विम्याकडे वळू. केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा असल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई मिळत नाही. सर्वंकष विमा असला तरी प्लास्टिकच्या भागांवर सर्वसाधारणपणे ५० टक्के घसारा वजा होतो, मग गाडी कितीही वर्षांची असो. समजा, बंपर ९,००० रुपये, रंगकाम ४,००० आणि मजुरी २,००० असे एकूण बिल १५,००० रुपयांचे झाले. बंपरचे ४,५०० मान्य होतील. रंगकामाच्या एकत्रित बिलात २५ टक्के रक्कम साहित्याची धरून तिच्या निम्मी कापली जाते, म्हणजे ३,५०० उरतील. मजुरी धरून बेरीज १०,००० होते. दीड हजार सीसीवरील गाडीसाठी २,००० रुपयांची अनिवार्य कपात वगळल्यावर हाती ८,००० पडतात.

दुसरी बाजू नो क्लेम बोनसची. ग्राहकाने सलग दावामुक्त वर्षांमुळे ५० टक्के सवलत मिळवली असेल आणि स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता ९,००० रुपये असेल, तर दाव्यानंतर पहिल्या नूतनीकरणात ४,५०० रुपयांची सवलत जाते. पुढे ती २० व २५ टक्क्यांपासून पुन्हा चढू लागते. त्यामुळे हप्ता तितकाच राहिला असे धरल्यास आणखी २,७०० व २,२५० रुपयांचा तोटा होतो. तीन वर्षांत ९,४५० गेले, मिळाले ८,०००! अर्थात बोनस कमी असेल किंवा आतील नुकसान मोठे असेल, तर हिशेब उलटतो. दावा करायचाच असेल, तर सर्व्हेअरने पाहणी करण्यापूर्वी गाडी खोलू नये.

या परिसरात आणखी एक बाब पाहावी लागते, ती म्हणजे गाडीचे उरलेले आयुष्य. दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर राष्ट्रीय हरित लवादाने निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने अशा वाहनांच्या मालकांवरील सक्तीच्या कारवाईला मनाई केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हे संरक्षण भारत स्टेज ४ व त्यापुढील वाहनांपुरते सीमित केले. दिल्लीत हे मानक एप्रिल २०१० पासून लागू झाले. तेव्हा त्यापूर्वीच्या गाडीला नवा बंपर आणि पूर्ण रंगकाम करण्याआधी परिवहन विभागाकडून स्थिती जाणून घ्यावी. अशा गाडीला मायापुरीचा जुना बंपर अधिक शोभतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

बंपर वाचावा म्हणून पुढे जाड लोखंडी गार्ड लावण्याची हौसही अनेकांना असते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना अशा गार्डवर कारवाई करण्यास कळवले होते. गार्डमुळे धक्का थेट गाडीच्या सांगाड्यावर जातो आणि पादचाऱ्याला होणारी इजाही वाढते. नवा बंपर बसवताना जुना गार्ड गॅरेजमध्येच सोडून यावा.