विवाह आणि नागरिकत्व : पाटोद्याच्या वेशीपासून अमेरिकेपर्यंत

विवाहाने स्त्रीचे घर बदलते, आडनाव बदलते, कित्येकदा पाळण्यातले नावही बदलते; परंतु तिचे नागरिकत्वही बदलते काय, हा प्रश्न आपल्या समाजशास्त्रीय विवेचनात क्वचितच आलेला दिसतो. परदेशी स्थायिक झालेल्या वराशी विवाह करून जाणाऱ्या मुलींची वाट आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. ती तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली आहे. म्हणून ह्या प्रश्नाचा विचार पाटोद्यासारख्या ठिकाणापासून करणे सोयीचे होईल. त्याला आणखी एक कारण आहे. परक्या राज्यात सून म्हणून जाणे ही गोष्ट ह्या भूभागाला मुळीच नवी नाही.

पाटोदा तालुका बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेला असून त्याच्या शेजारी जामखेड तालुका आहे. आज ही बीड आणि अहिल्यानगर ह्या दोन जिल्ह्यांमधील सीमा होय. १७ सप्टेंबर १९४८ पूर्वी मात्र अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान आणि पलीकडे इंग्रजी अमलातील अहमदनगर जिल्हा होता. भाषा एक, सोयरीक एक, बाजारहाट एक. राज्ये मात्र दोन. सौताड्याकडची मुलगी जामखेडास देणे किंवा तिकडची इकडे आणणे म्हणजे वस्तुतः एका सत्तेच्या अमलातून दुसऱ्या सत्तेच्या अमलात विवाहाने केलेले स्थलांतर होते.

ह्या स्थलांतराला कायद्याने काय स्थान दिले होते? हैदराबाद संस्थानात १९१९ च्या फर्मानाने ‘मुलकी’ नियम लागू झाले. सरकारी नोकरीस पात्र असणारा राज्याचा स्वकीय तो मुलकी, असा त्यांचा आशय. जन्माने राज्याचा प्रजाजन असणारा मुलकी होताच. बाहेरून आलेल्यास मात्र १५ वर्षे सलग वास्तव्य करावे लागे आणि पूर्वस्थानी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र दंडाधिकाऱ्यासमोर द्यावे लागे. ह्याच नियमांत एक छोटे कलम होते : मुलकी पुरुषाची पत्नी ती मुलकी. तिला वास्तव्याची अट नाही, प्रतिज्ञापत्र नाही. म्हणजे जामखेडाहून पाटोद्यास आलेली सून अक्षता पडताच मुलकी. आणि तिकडूनच आलेला घरजावई पंधरा वर्षे परका! पत्नीचे राजकीय अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होते, हे तत्त्व ह्या कलमाच्या मुळाशी आहे. त्यात सवलत दिसते खरी; पण ती स्त्रीला स्वतःच्या अधिकाराने मिळालेली नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

हे तत्त्व केवळ संस्थानी होते असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८५५ च्या कायद्याने अमेरिकन नागरिकाशी विवाह करणारी परदेशी स्त्री आपोआप नागरिक होत असे. मात्र वंशाच्या दृष्टीने ती नागरिकत्वास पात्र असली पाहिजे, अशी अट होती. १९०७ च्या कायद्याने ह्याच तत्त्वाची दुसरी बाजू उघड केली : परकीयाशी विवाह करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे नागरिकत्व जाऊ लागले. १९२२ च्या ‘केबल’ कायद्याने स्त्रीचे नागरिकत्व पतीच्या नागरिकत्वापासून वेगळे केले खरे, पण एक अपवाद राखला. नागरिकत्वास अपात्र ठरलेल्या परकीयाशी विवाह करणारी स्त्री आपले नागरिकत्व गमावीत असे. आशियाई वंशाचे लोक ह्या ‘अपात्र’ वर्गात मोडत, आणि १९ फेब्रुवारी १९२३ रोजी भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांनाही त्याच वर्गात घातले.

ह्या अपवादाचा चटका कोणाला बसू शकत होता, हे सखाराम गणेश पंडित यांच्या खटल्यावरून स्पष्ट होते. अहमदाबादेस जन्मलेले पंडित १९१४ मध्ये कॅलिफोर्नियात अमेरिकन नागरिक झाले, पुढे वकील झाले, आणि १९२० मध्ये त्यांनी एका अमेरिकन स्त्रीशी विवाह केला. थिंद यांची बाजू मांडणारे वकील तेच. थिंद-निर्णयानंतर सरकारने पंडितांचेच नागरिकत्व रद्द करण्याचा दावा लावला. नागरिकत्वावर विसंबून आपण व्यवसाय उभारला, भारतातील हक्क सोडले, संसार मांडला, आणि आता ते काढून घेतल्यास पत्नीचेही नागरिकत्व जाईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १९१४ चा निर्णय सरकारने त्याच वेळी आव्हानित केला नसल्याने तो प्रश्न पुन्हा उकरून काढता येणार नाही, हे त्या निकालाचे सूत्र होते. पुढे १९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचे दार उघडले व वर्षाला १०० जणांचा प्रवेश ठरविला. १९५२ मध्ये वंशाची अट गेली, आणि १९६५ च्या कायद्याने राष्ट्रवार कोट्याची जुनी पद्धत संपुष्टात आणली.

आजची व्यवस्था ह्या पार्श्वभूमीवर पाहावयास हवी. विवाहाने आता कोणीही आपोआप अमेरिकन नागरिक होत नाही. विवाहाने मिळतो तो केवळ अर्ज करण्याचा आधार. आणि तो अर्जही प्रथम पत्नीने करावयाचा नसून पतीने करावयाचा असतो. ‘आय-१३०’ ह्या नावाने ओळखली जाणारी ही विनंती म्हणजे दोघांमधील विवाह कायदेशीर आणि खरा आहे, हे सिद्ध करण्याची पहिली पायरी होय. पती नागरिक असेल तर पत्नी ‘निकटच्या नातलगां’त मोडते व तिला वार्षिक संख्येची मर्यादा लागत नाही. पती केवळ कायम रहिवासी, म्हणजे ग्रीन कार्डधारक असेल तर ती मर्यादित संख्येच्या वर्गात जाते आणि तिला क्रमांकाची वाट पाहावी लागते. सोयरीक ठरविताना मुलगा ‘अमेरिकेत आहे’ एवढेच विचारले जाते. तो नागरिक आहे, कायम रहिवासी आहे, की नोकरीच्या तात्पुरत्या परवान्यावर आहे, ह्या तीन उत्तरांतून मुलीसाठी तीन निराळ्या वाटा फुटतात.

विनंती मान्य झाल्यावर, पत्नी भारतात असल्यास, प्रकरण राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जाते. तेथे ‘डी.एस.-२६०’ हा अर्ज, पोलिसांचा दाखला, जन्म व विवाहाचे दाखले, आणि पतीचे ‘आय-८६४’ हे निर्वाहाचे हमीपत्र द्यावे लागते. सामान्यतः पतीचे उत्पन्न तेथील दारिद्र्यनिर्देशक रकमेच्या किमान १२५ टक्के असावे लागते. हे हमीपत्र करारासारखे बंधनकारक असून घटस्फोटानेही ते संपत नाही. पत्नी नागरिक होईपर्यंत, किंवा कायद्याने ठरविलेल्या कामाच्या ४० तिमाह्या तिच्या नावावर जमा होईपर्यंत, किंवा ती तो देश कायमचा सोडीपर्यंत ते टिकते. मृत्यूनेही ते अर्थातच संपते. ही गोष्ट वधूपक्षास क्वचितच कोणी सांगते. त्यानंतर नेमून दिलेल्या वैद्याकडून तपासणी, दूतावासात मुलाखत, आणि मग व्हिसा. पत्नी आधीच अमेरिकेत विधिवत प्रवेश करून राहत असेल तर हेच कार्य ‘आय-४८५’ ह्या अर्जाने तेथल्या तेथे होऊ शकते.

ह्या साखळीतील सर्वांत कच्चा दुवा वॉशिंग्टनमध्ये नसून बहुधा पाटोद्यासारख्या गावी असतो. पहिला प्रश्न जन्माचा. जन्म-मृत्यू नोंदणीचा अधिनियम १९६९ चा. तथापि त्यानंतरही घरी झालेल्या कित्येक जन्मांची नोंद झाली नाही. अशा मुलीचा एकमेव पुरावा म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, आणि त्यावरील तारीख अनेकदा १ जून! गुरुजींनी शाळाप्रवेशासाठी अंदाजाने लिहिलेली ही तारीख पुढे जन्मभर चिकटते. वर्षानंतरची विलंबित नोंद दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून होत नाही. नोंद नसल्यास अनुपलब्धतेचा दाखला, शाळेचा दाखला आणि वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडावी लागतात. अल्पवयातील विवाह झाकण्यासाठी वय वाढवून लिहिले असेल, तर दोन कागदांमधील ती तफावत नेमकी मुलाखतीच्या वेळी उघडी पडते.

दुसरा प्रश्न नावाचा. माहेरी स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. सासरी पतीचे नाव, नवे आडनाव, आणि काही घरांत नवे पहिले नावही. शाळेच्या दाखल्यावरील मुलगी आणि पारपत्रावरील पत्नी ही एकच व्यक्ती होय, हे आपल्याकडे गावाला ठाऊक असते. परदेशी अधिकाऱ्यास ते कागदाने पटवावे लागते. नाव बदलण्याची सक्ती कोणत्याही कायद्यात नाही. ते न बदलणे हाच कित्येकदा सर्वांत सोपा उपाय ठरतो.

तिसरा प्रश्न विवाहनोंदणीचा. हिंदु विवाह अधिनियम, १९५५ प्रमाणे विवाहास वैधता येते ती विधीने. जेथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे तेथे सातव्या पावलाने विवाह पूर्ण होतो. नोंदणी हा त्याचा पुरावा होय. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमाखाली ही नोंदणी गावपातळीवर होऊ शकते, व तीवर पुरोहिताची आणि साक्षीदारांची सही लागते. परंतु व्हिसाच्या घाईपोटी आधी नोंदणी उरकून घ्यावयाची आणि विधी पुढे सवडीने करावयाचा, अशी एक प्रथा पडू लागली आहे. २०२४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ह्या प्रथेबद्दल स्पष्ट नापसंती व्यक्त केली आणि विधीवाचून केवळ नोंदणीच्या दाखल्याने हिंदु विवाह सिद्ध होत नाही, असे सांगितले. घाईने मिळविलेला कागद अशा वेळी आधार न राहता धोका बनतो.

प्रवेशानंतरचा टप्पा अधिक नाजूक आहे. कायम वास्तव्य मिळते त्या दिवशी विवाहाला दोन वर्षे पूर्ण झाली नसतील, तर १९८६ च्या कायद्याप्रमाणे पत्नीस दोन वर्षांचे सशर्त कार्ड मिळते. ते संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत पतिपत्नींनी मिळून ‘आय-७५१’ अर्ज करून अट काढून घ्यावयाची असते. ह्या काळात पतीची सही हे एक शस्त्र होऊ शकते, आणि झाल्याची उदाहरणेही आहेत. म्हणूनच कायद्याने संयुक्त अर्जातून सूट ठेवली आहे : विवाह प्रामाणिक होता पण घटस्फोट झाला, किंवा पत्नीवर अत्याचार झाला, तर ती एकटी अर्ज करू शकते. १९९४ च्या कायद्याने अत्याचारपीडित पत्नीस मूळ विनंतीही स्वतःच करण्याची मुभा दिली. ‘सही करीत नाही, परत पाठवून देईन’ ह्या धमकीपुढे स्त्री निरुपाय नाही, हे तिला येथून निघण्यापूर्वीच ठाऊक असावयास हवे. एकत्र संसाराचे पुरावे, म्हणजे भाडेकरार, संयुक्त बँकखाते, करपत्रके, ह्यांच्या प्रती तिच्याजवळ असणे हेच तिचे खरे स्त्रीधन होय.

पत्नी अमेरिकेबाहेर असताना पतीने परदेशी न्यायालयातून घटस्फोट मिळविल्यास काय, ह्याचे उत्तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या वाय. नरसिंह राव प्रकरणात दिले आहे. ज्या कायद्याखाली विवाह झाला त्या कायद्याच्या अधिकारक्षेत्राला व कारणांना धरून नसलेला असा हुकूमनामा, पत्नीने संमती दिली नसता किंवा तेथे स्वेच्छेने हजर होऊन दावा लढविला नसता, येथे मान्य होत नाही.

नागरिकत्वाचा ‘एन-४००’ अर्ज सामान्यतः कायम वास्तव्याच्या पाच वर्षांनंतर करता येतो. नागरिक पतीसह सतत संसार करणाऱ्या पत्नीस तीन वर्षे पुरतात. इंग्रजी भाषेची व नागरिकशास्त्राची परीक्षा, आणि शेवटी शपथ. त्या शपथेने इकडील एक धागा तुटतो, कारण १९५५ च्या आपल्या नागरिकत्व अधिनियमातील कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते. २००५ पासून सुरू झालेली परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाची नोंदणी प्रवेशाचा व वास्तव्याचा हक्क देते. मताधिकार देत नाही, आणि शेतजमीन खरेदी करण्याचा हक्कही देत नाही.

आपल्याच अधिनियमातील एक बदल येथे मननीय आहे. १९५५ च्या मूळ कलम ५ मध्ये भारतीय नागरिकांशी विवाहित असलेल्या ‘स्त्रियां’ना नोंदणीने नागरिकत्वाची सोय होती. १९८६ मध्ये ‘स्त्रिया’ जाऊन तेथे ‘व्यक्ती’ आली आणि पाच वर्षांच्या वास्तव्याची अट पडली. पुढे ती सात वर्षांची झाली. मुलकी नियमांतील सून आणि घरजावई कायद्याच्या दृष्टीने समान झाले, ते असे : सुनेची सवलत गेली आणि दोघांनाही वास्तव्याची अट लागली.

सारांश, कायद्याने पत्नीला पतीच्या छायेतून बाहेर काढले आहे. पण विनंती केल्यापासून अट निघेपर्यंतचा काळ अजून त्या छायेतच जातो. १९१९ मध्ये पाटोद्यास आलेल्या सुनेस कोणताही कागद लागत नव्हता, कारण तिला स्वतंत्र अस्तित्वच मानलेले नव्हते. आज पाटोद्याहून जाणाऱ्या मुलीस इतके कागद लागतात, ह्याचे एक कारण असे की, कायदा तिला स्वतंत्र व्यक्ती म्हणून ओळखू पाहतो. ती ओळख तिच्या स्वतःच्या नावाने, खऱ्या जन्मतारखेने आणि तिच्याच हाती असलेल्या प्रतींनी सिद्ध व्हावी, ह्याची तजवीज मांडवात उभे राहण्यापूर्वी गावीच करावयाची आहे.